रंगाची गोळी आणि डोळ्यांची राखण

सोमवारची सुट्टी सोडली, तर सरोजिनी नगरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पुण्याहून, नागपूरहून पाहुणे आले की लाल किल्ल्याच्या आधी या बाजाराची फेरी ठरलेली. गेल्या सुट्टीत ताई आली तेव्हाही तेच झाले. आम्ही दोघी कुर्त्यांच्या ढिगात हात घालून बसलो होतो आणि तिचा तेरा वर्षांचा मुलगा पलीकडच्या खेळण्यांच्या पथारीपाशी खिळून उभा होता. पथारीवर बंदुकाच बंदुका. पाण्याच्या, फुगलेल्या जेलच्या मण्यांच्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या छर्‍यांच्या.

"मावशी, यातली पेंटबॉलची कोणती गं?" त्याने विचारले.

मी तोंड उघडण्याआधीच पथारीवाला म्हणाला, "यही है, यही है!" आणि त्याने छर्‍यांची बंदूक पुढे केली.

भाच्याचा वाढदिवस आमच्याकडेच यायचा होता. वर्गातल्या एका मित्राने लोणावळ्याच्या बाजूला पेंटबॉल खेळून वाढदिवस साजरा केला होता, तेव्हापासून याच्या डोक्यात तेच. ताईचे म्हणणे एकच, "बंदुकीचा कसला आलाय खेळ? काही नको." मला मात्र आमच्या कॉलनीतला एक जुना प्रसंग आठवत होता. असाच एक पिवळा छर्रा शेजारच्या मुलाच्या डोळ्याला लागला होता. आईने पाण्याचे हबके मारले, मुलाने डोळा चोळला आणि डॉक्टरांकडे जायला दुसरा दिवस उजाडला. डोळा वाचला, पण कित्येक दिवस त्या घरात कोणी नीट जेवले नव्हते.

म्हणून मी ताईला म्हटले, "लगेच नाही म्हणू नकोस. मला दोन दिवस दे." त्या दोन दिवसांत जे समजून घेतले, ते या वेळी तुमच्यापुढे ठेवते. तुमच्या घरीही कधी ना कधी हा हट्ट येणारच आहे.

झाडांवर खुणा करण्यासाठी

पेंटबॉलची बंदूक खेळासाठी जन्मलीच नाही. अमेरिकेत जंगलखात्याच्या माणसांना तोडायच्या झाडांवर रंगाची खूण करावी लागे. ओढा आडवा आला, काटेरी झुडूप आले की झाडापर्यंत पोहोचता येत नसे. गुराख्यांनाही कळपातली नेमकी गाय दुरून ओळखू येईल अशी खूण हवी होती. नेल्सन या रंग बनवणार्‍या कंपनीसाठी हवेच्या बंदुका करणार्‍या डेझी कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी एक पिस्तूल तयार केले. ते रंगाची गोळी दुरून झाडावर फोडत असे. आजही या खेळातले जाणकार तिला बंदूक न म्हणता 'मार्कर', म्हणजे खूण करणारी, म्हणतात ते त्यामुळेच.

हे वाचताना मला आमच्या सरोजिनी नगरची झाडे आठवली. जुनी सरकारी घरे पाडून नवे मनोरे उभारायचे ठरले, तेव्हा इथली झाडे तोडली जाणार म्हणून जून २०१८ मध्ये लोक त्यांना मिठ्या मारून उभे राहिले. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तेव्हा तोडीला स्थगिती दिली. ज्या झाडावर रंगाची खूण पडते, त्याचे भवितव्य ठरलेले असते, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

रंगाच्या पिस्तुलाचा खेळ झाला तो एका पैजेतून. शहरात वाढलेला, शेअर बाजारात मुरलेला माणूस रानात तग धरेल की रानात वाढलेला त्याला हरवील, असा मित्रामित्रांत वाद होता. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात १२ जण ही पिस्तुले घेऊन उतरले. जंगलात चार ठिकाणी ठेवलेले झेंडे गोळा करायचे आणि अंगावर रंग न पडता बाहेर यायचे, असा नियम. तो सामना कोणी जिंकला, ते शेवटी सांगते.

गोळीत असते काय?

गोळीचा व्यास सुमारे १७ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या बोराएवढा, आणि वजन जेमतेम ३ ग्रॅम. तिचे कवच जिलेटिनचे असते. माशाच्या तेलाच्या किंवा जीवनसत्त्वाच्या मऊ गोळ्या आपण घेतो ना, अगदी तसेच. पहिल्या गोळ्या बनवल्याही औषधी कॅप्सूल करणार्‍या कारखान्यानेच. आत ऑइलपेंट नसतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा दाट, पाण्यात विरघळणारा द्रव आणि खाण्याच्या रंगासारखा रंग असतो. कपडे लगेच धुतले तर डाग निघतो. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होते, हे शाकाहारी घरांनी ध्यानात ठेवावे. आणि गोळी कितीही गोड रंगाची दिसली, तरी ती तोंडात घालायची नाही, हे धाकट्या भावंडांना बजावावे.

जिलेटिनला दमट हवा मानवत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या गोळ्या फुगतात, मऊ पडतात आणि नळीत अडकतात. कडाक्याच्या थंडीत त्या ठिसूळ होऊन नळीतच फुटतात. मैदानावर पडलेली गोळी पुसून परत भरू नये ती याच कारणाने. काही मुले गोळ्या फ्रीजरमध्ये घालून 'कडक' करतात. हा खोडसाळपणा घातक आहे. 

कळवाच्या नव्हे, बांबूच्या नळीतली हवा

आता ही गोळी सुटते कशी? कोकणातल्या आजोळी ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे शिकवायची गरज नाही. बांबूची बारीक नळी घ्यायची, तिच्या एका तोंडाशी हिरवे फळ कोंबायचे, मागून दुसरे फळ काठीने दाबायचे. दोन फळांमधली हवा कोंडली जाते, दाबली जाते आणि पुढचे फळ 'फट्' आवाज करून उडते. बस्तरमध्ये जगदलपूरच्या गोंचा उत्सवात रथयात्रेच्या वेळी बांबूच्या अशाच 'तुपकी' उडवतात. पेंटबॉलची बंदूक म्हणजे ही तुपकीच. फरक इतकाच की इथे हवा काठीने दाबावी लागत नाही. ती आधीच दाबून बाटलीत भरलेली असते.

बंदुकीच्या डोक्यावर गोळ्यांचा डबा असतो. त्यातून एक गोळी घरंगळून नळीच्या मागच्या खणात पडते. चाप ओढला की आतला अडसर सुटतो. स्प्रिंगने रेटलेला एक ठोकळा पुढे धावतो. त्याच्याबरोबर दट्ट्या गोळीला नळीत ढकलतो आणि खणाचे तोंड बंद करतो. तोच ठोकळा वायूच्या झडपेवर आपटतो. झडप क्षणाच्या अगदी छोट्या भागापुरती उघडते आणि दाबलेला वायू गोळीच्या मागे घुसून तिला बाहेर फेकतो. वायूचा थोडा हिस्सा मागे वळून ठोकळ्याला पुन्हा पहिल्या जागी नेतो. बंदूक पुढच्या गोळीला तयार!

यात दारू नाही, ठिणगी नाही. पण म्हणून जोर कमी असतो असे नव्हे. मोकळ्या मैदानावर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांवर जाऊ देत नाहीत. बंद जागेत मर्यादा त्याहून कमी ठेवतात. ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. शोएब अख्तरचा २००३ सालच्या विश्वचषकातला विक्रमी चेंडू ताशी १६१ किलोमीटरचा होता. ही गोळी हलकी असली तरी त्याच्या दुप्पट वेगाने येते.

बंदुकांचे प्रकार

मैदानावर किंवा जाहिरातीत जी नावे कानी पडतात, ती थोडक्यात अशी :

पंपाची बंदूक : प्रत्येक गोळीनंतर पुढचा दांडा हाताने मागे-पुढे करावा लागतो. एका वेळी एकच गोळी. जुन्या खेळाडूंना हीच आवडते, कारण नेम धरावा लागतो.

यांत्रिक बंदूक : वर सांगितली ती. चाप ओढाल तितक्या गोळ्या. भाड्याने मिळणार्‍या बंदुका बहुधा याच जातीच्या. मजबूत, पडझड सोसणार्‍या, दुरुस्तीला सोप्या.

विजेची बंदूक : हिच्यात बॅटरी असते. चाप म्हणजे बटणच. विद्युत्-झडप वायू सोडते आणि खणात गोळी नीट पडली की नाही हे प्रकाशकिरणांचा 'डोळा' तपासतो. सेकंदाला १० हून अधिक गोळ्या सुटू शकतात. स्पर्धेतल्या सरावलेल्या खेळाडूंचे हे हत्यार. मुलांच्या वाढदिवसाला तिचे काम नाही.

पिस्तूल आणि मॅगझीनची बंदूक : गोळ्या डब्याऐवजी मुठीतल्या किंवा खालच्या खोक्यात भरतात. गोळ्या मोजक्या, दिसायला अगदी खर्‍या शस्त्रासारखी.

स्प्रिंगची, लहान मुलांची बंदूक : हिला वायूची बाटलीच नसते. मूल स्वतःच्या हाताने स्प्रिंग ताणते. गोळी साडेबारा मिलिमीटरच्या आसपास, वजनाने बरीच हलकी. त्यामुळे मारही सौम्य. नवशिक्यांसाठी हीच बरी. मुखवटा मात्र इथेही सुटत नाही.

बाटलीतला वायू आणि दिल्लीचा उन्हाळा

बाटल्या दोन तर्‍हेच्या. एकीत कार्बन डायऑक्साइड, दुसरीत साधी हवा.

कार्बन डायऑक्साइडची बाटली आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखी. आत द्रव असतो आणि त्याचा वायू होऊन वर साठतो. सिलिंडरवर मोठी शेगडी बराच वेळ पेटती ठेवली की तो गार पडतो, कधी बाहेरून दव धरतो. द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते, म्हणून. भराभर गोळ्या झाडल्या की ही बाटलीही तशीच गारठते, दाब उतरतो आणि गोळ्या अलीकडेच पडू लागतात.

उन्हात याच्या उलट. २० अंश तापमानाला या बाटलीतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो. ३० अंशांना तो ७२ पटीपर्यंत चढतो. आपल्या मोटारीच्या चाकात जेमतेम दोन-सव्वादोन पट असतो, त्यावरून कल्पना करा. ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही आणि बाटली गच्च भरलेली असेल तर दाब झपाट्याने वाढतो. दिल्लीच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. सकाळी बरोबर असलेली बंदूक दुपारी जास्त वेगाने मारू लागते. बाटलीला सुरक्षेची पातळ चकती असते. दाब फार वाढला की ती फुटून वायू बाहेर जातो. तरीही अशी बाटली उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत कधी ठेवू नये.

दाबलेल्या हवेच्या बाटलीला हा त्रास कमी. तिच्यात दाब कितीतरी जास्त असतो, पण तोंडाशी नियामक बसवलेला असतो. तो बंदुकीला नेहमी एकसारखाच दाब पुरवतो, जसा गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर. चांगल्या मैदानांवर आता हीच पाहायला मिळते.

बाटली कोणतीही असो, तिचा झडपेचा भाग घरी पिळून सैल करायचा नाही. झडप निघून बाटली बाणासारखी सुटल्याने अमेरिकेत माणसे दगावली आहेत. बाटली भरणे-उघडणे हे जाणकाराचे काम.

क्रिकेटचा चेंडू आणि ही गोळी

आता मुद्द्याचे. अंगावर गोळी लागली तर चपराक बसल्यासारखे होते आणि फार तर निळा-जांभळा वळ उठतो. आठवड्याभरात तो जातो. डोळ्याचे तसे नाही.

आपला डोळा हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. या खोबणीचे तोंड सुमारे ४ सेंटिमीटर रुंद. क्रिकेटचा चेंडू ७ सेंटिमीटरहून मोठा. तो तोंडावर आला तर बराचसा मार भुवईचे आणि गालाचे हाड झेलते. पेंटबॉलची गोळी मात्र पावणेदोन सेंटिमीटरची. हाडांच्या मधून ती थेट बुबुळावर आदळू शकते. मग डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचते, भिंग निखळते, दृष्टिपटल फाटते किंवा सुटते. वरवर बरा वाटलेला डोळाही पुढे काही वर्षांनी काचबिंदूने दगा देऊ शकतो. बाजारातल्या ६ मिलिमीटरच्या छर्‍यालाही हेच लागू. तो हलका, पण हाडांच्या मधून सहज शिरणारा. आणि विशेष म्हणजे त्या बंदुकीबरोबर मुखवटा कोणी देत नाही!

म्हणूनच गंमत अशी, की नियमाने चालवलेल्या मैदानावरचा पेंटबॉल हा गच्चीवरच्या स्वस्त छर्‍यांच्या खेळापेक्षा सुरक्षित ठरतो. डोळ्यांच्या गंभीर इजा प्रामुख्याने होतात त्या मुखवटा नसताना किंवा मध्येच काढल्यामुळे. घाम आला, काच धुकटली, म्हणून क्षणभर वर केला आणि नेमकी तेव्हाच गोळी आली.

जेलच्या मण्यांबद्दलही सांगते. सुके असताना ते मोहरीएवढे असतात, पाण्यात पडले की फुगतात. रांगत्या बाळाने गिळले तर आतड्यात फुगून वाट अडवतात. घरात लहान मूल असेल तर ही बंदूक नकोच.

डोळ्याला मार लागलाच तर चोळू नका, दाबू नका, पाण्याचे हबके मारू नका, घरातले थेंब घालू नका. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर असा ठेवा की तो भोवतीच्या हाडावर टेकेल, डोळ्यावर नाही. चिकटपट्टीने अडकवा आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे जा. 'दिसतंय ना, मग उद्या बघू' हे वाक्य त्या दिवशी विसरायचे.

घेण्याआधी, जाण्याआधी

खेळणे विकत घेताना आयएसआयची खूण पाहा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. पेंटबॉलची बंदूक मात्र खेळण्यात मोडत नाही. ती ऑनलाइन मागवण्याचा मोह टाळावा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवेच्या बंदुकांच्या परवान्यासाठी नळीचे भोक ४.५ मिलिमीटर आणि मार २० ज्यूल अशी रेषा आखली आहे. पेंटबॉलचा मार १२-१३ ज्यूलच्या आसपास भरतो, पण भोक १७ मिलिमीटरचे. तेव्हा आधी पोलीस ठाण्यात विचारावे, मग पैसे मोजावेत. खरे सांगायचे तर वर्षातून एकदा खेळणार्‍याला बंदूक घरी हवीच कशाला? मैदानावर ती भाड्याने मिळते.

मैदानावर मी चार गोष्टी विचारल्या. मुखवटा डोळे, कान आणि तोंड झाकणारा आहे का आणि काचेला तडा तर नाही? गोळीचा वेग मोजायचे यंत्र आहे का आणि आज मोजला का? बंदुकीच्या तोंडावर घालायची कापडी पिशवी प्रत्येक बंदुकीला आहे का? आणि मैदानावर पंच किती? गुरुग्रामच्या बाजूच्या पहिल्या ठिकाणी वेगाचे यंत्र 'बिघडले' होते. आम्ही परत फिरलो. भाचा रडकुंडीला आला, पण ताई पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसली. दुसर्‍या ठिकाणी चारही उत्तरे मिळाली. तिथल्या पंचाने पोरांना दरडावून सांगितले, "मास्क उतरा, तो खेल खतम." मला तो माणूस आवडला.

भाचा परतला तो दंडावर एक वळ आणि हिरमुसला चेहरा घेऊन. पहिल्या पाच मिनिटांतच बाद! "मावशी, मी सगळ्यात जास्त गोळ्या मारल्या, तरी."

तेव्हा मी त्याला १९८१ च्या त्या पहिल्या सामन्याचा निकाल सांगितला. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा, जंगल जाणणारा माणूस. त्याने झाडांच्या आडोशाने, पायांचा आवाज न करता चारही झेंडे गोळा केले. पूर्ण सामन्यात त्याने एकही गोळी झाडली नव्हती.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मला नेम धरायला आवडतं गं." आवडत असेल तर त्यालाही चांगली वाट आहे. १० मीटरच्या रायफलीतही दाबलेली हवाच असते. दिल्लीत तुघलकाबादला डॉ. कर्णीसिंह नेमबाजी केंद्र आहे. आपल्या कोल्हापूरच्या मातीने तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. तिथे शिकवतात ते आधी बंदूक खाली ठेवायला, मग उचलायला.

ताईने पुण्याला पोहोचल्यावर फोन केला. मुलगा नेमबाजीच्या वर्गाची चौकशी करून आला म्हणे. आणि तिने स्वतः सोसायटीच्या मुलांकडच्या छर्‍यांच्या तीन बंदुका गोळा करून आयांच्या हवाली केल्या होत्या.